गाडी चालतेच कुठे? साताऱ्यात पहिली गाडी घेतलेल्यांसाठी देखभालीचं वेळापत्रक

"वर्षात चार हजारसुद्धा नाही चालली, सर्व्हिसिंगला कशाला टाकायची?" साताऱ्यात नवी गाडी घेतलेल्या दर दुसऱ्या घरात हे वाक्य ऐकू येतं. आपल्याकडं गाडी कशाला निघते, तर लग्नाला, जोतिबाला, पुण्याला दवाखान्यात, पाहुणे आले की कास-ठोसेघरला. बाकी दिवस ती दारात कव्हर घालून उभी असते आणि रोजची कामं दुचाकीवर होतात. मीटरवर आकडा वाढत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. घोळ इथंच होतो. कमी चालणाऱ्या गाडीचं वेळापत्रक किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर चालतं.

हा लेख पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांसाठी आहे. गाडी कुठल्या कंपनीची हे इथं महत्त्वाचं नाही. मुद्दा एवढाच, की काय कधी करायचं, काय स्वतः बघायचं आणि कुठं पैसे उगाच जातात.

१. आधी डॅशबोर्डातलं पुस्तक बाहेर काढा

गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतं. त्यात मागच्या पानांवर देखभालीचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक कामापुढं दोन आकडे असतात, किलोमीटर आणि महिने, आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: यातलं जे आधी येईल ते. ही ओळ पेनानं अधोरेखित करून ठेवा.

त्याच तक्त्याखाली अजून एक भाग असतो, तो कुणी वाचत नाही. 'खडतर वापर' असेल तर कामं लवकर करा, असं तिथं सांगितलेलं असतं. खडतर म्हणजे काय? धुळीचे रस्ते, घाट, वारंवार छोटे छोटे पल्ले, गर्दीत तासन्‌तास चालू इंजिन. आता बघा, तुम्ही दहिवडी-म्हसवडकडं जाता का? यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट चढता का? गोडोलीतून राजवाड्यापर्यंत भाजीला गाडी नेता का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर तुमचा वापर खडतर आहे.

गाडीत किंवा फोनमध्ये एवढं तयार ठेवा:

- आरसी, विमा आणि पीयूसी (डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवाहनवर असले तरी चालतं)
- मॅन्युअल आणि सर्व्हिस बुकलेट
- मागच्या सर्व्हिसिंगचं बिल
- हवेचा दाब मोजायचा छोटा गेज
- स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना, टॉर्च, जुनं सुती फडकं
- सहा रुपयांची असो की साठ रुपयांची, एक वही

वहीचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

२. कुठलं काम कधी

नव्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंग फ्री असतात. साधारणपणे पहिली १,००० किलोमीटर किंवा एक महिना, दुसरी ५,००० किंवा सहा महिने, तिसरी १०,००० किंवा एक वर्ष, अशी रचना बऱ्याच कंपन्यांची आहे. फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर यांचे पैसे द्यावेच लागतात, त्यामुळं बिल हातात आलं की दचकू नका.

त्यापुढचा ढोबळ हिशोब असा. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

- इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. खडतर वापर असेल तर त्याच्या निम्म्यावर.
- एअर फिल्टर: दर सर्व्हिसिंगला साफ, साधारण ४०,००० ला नवा. माण-खटावच्या बाजूला राहत असाल तर खूप आधी.
- एसीचा फिल्टर: वर्षातून एकदा बघा. हा काढणं इतकं सोपं असतं की बऱ्याच गाड्यांमध्ये डॅशबोर्डचा कप्पा उघडून घरीच काम होतं.
- ब्रेक ऑइल: दोन वर्षं किंवा ४०,०००.
- कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी): गाडीगणिक फार वेगळं, मॅन्युअल बघा.
- साधे स्पार्क प्लग: ४०,००० च्या आसपास. इरिडियमचे लाखापर्यंतही जातात.
- अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), बॅलन्सिंग (चाकांचं वजन समतोल करणं), टायरची अदलाबदल: १०,०००. मोठा खड्डा जोरात बसला तर लगेच.
- बॅटरी: तीन ते पाच वर्षं टिकते.

गाडी न चालता ऑइल कसं खराब होतं, हा प्रश्न रास्त आहे. इंजिन सुरू झालं की त्यात थोडं पाणी वाफेच्या रूपात तयार होतं आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ल्यात इंजिन नीट तापतं आणि हे सगळं उडून जातं. पोवई नाक्यावरून राजवाड्याला जाऊन परत येईपर्यंत इंजिन कोमटच राहतं, आणि ते पाणी-पेट्रोल ऑइलमध्येच मुरत बसतं. म्हणून वर्षाला तीन हजार चाललेल्या गाडीचं ऑइल काही वेळा महामार्गावर दहा हजार पळालेल्या गाडीपेक्षा वाईट निघतं.

३. वर्षाचे दोन मुहूर्त

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून सोपा नियम: एकदा मृगाच्या आधी, एकदा खंडेनवमीला.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. त्याच्या आत, म्हणजे मे महिन्यातच, पावसाळ्याची कामं उरकायची. वायपरची रबरं बदला. उन्हानं ती कडक होतात आणि काचेवर रेघा ओढतात, आणि हे आपल्याला पहिल्या वळवाच्या रात्रीच कळतं. टायरची नक्षी, ब्रेक पॅड, सगळे दिवे, हॉर्न, मागच्या काचेची गरम तार बघून घ्या. दाराखाली आणि बॉनेटच्या मागं पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यात पाला अडकलेला असतो, तो काढा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर टोकं सोडवून गरम पाण्यानं धुवा, कोरडी करून व्हॅसलिन लावा. सोडवताना आधी वजा, मग अधिक. बसवताना उलट.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. मेढ्याकडचा माणूस गंजाशी भांडतो, दहिवडीचा धुळीशी. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडं राहत असाल तर गाडीच्या बुडाला गंजरोधक थर देण्यात अर्थ आहे. फलटणच्या माणसाला तोच थर आग्रहानं विकला जात असेल, तर आधी 'कशासाठी?' असं विचारायला हरकत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. गाडी धुवायचीच असते, तर त्या आठवड्यात पावसाळ्यानंतरचं काम करून घ्या. रॅम्पवर घेऊन बूड पाण्यानं धुवायचं. कास-बामणोलीची लाल माती चाकाच्या कमानीत थापून बसते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. सस्पेन्शनची रबरं, सायलेन्सरचे जोड, खड्ड्यांनी बिघडलेलं अलाइनमेंट बघायची हीच वेळ. वार्षिक सर्व्हिसिंग या दोनपैकी एका मुहूर्ताला बांधून टाका. दुसऱ्या मुहूर्ताला नुसती तपासणी, ती ओळखीच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होते.

४. महिन्यातून एकदा, दारातच

रविवारी सकाळी दहा मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी हवी. माची पेठेसारख्या उतारावर राहत असाल तर आधी खाली सपाटीला आणा, उतारावर ऑइलचं माप चुकतं.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली बसतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, ओढा, फडक्यानं कोरडी पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. टोकाला दोन खुणा असतात, ऑइल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं माप नसतं. काठीच्या बाजूंना चिकटलेलं ऑइल फसवतं, म्हणून पुसून परत. काळा रंग बघून घाबरू नका, डिझेलचं तर बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं. पण ताकासारखा पांढुरका फेस दिसला तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला फोन करा, कुलंट ऑइलमध्ये शिरत असण्याची शक्यता असते.

कुलंट बाहेरच्या प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या खुणांवरून बघायचं. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंडावर येतं. आणि त्यात बोअरचं पाणी ओतू नका. आपल्या बोअरच्या पाण्यानं स्टीलच्या बादलीला जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो.

ब्रेक ऑइलची छोटी डबी बघा. ते हळूहळू कमी होणं म्हणजे पॅड झिजल्याची खूण असते. नुसतं वरून भरू नका, पॅड तपासा. काच धुवायच्या टाकीत पाणी भरा. संपलं.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल तर जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून बंद करणं हा उपाय नव्हे, त्यानं उलट बॅटरीच उतरते. आठवड्यातून एकदा वाढे फाट्याला किंवा लिंबपर्यंत अर्धा तास फिरवून आणा. पावसाळ्यात बरेच दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

५. घाट आणि ब्रेक

इथं जरा जास्त थांबतो, कारण साताऱ्याच्या चारी बाजूंना घाटच आहेत: खंबाटकी, पसरणी, केळघर, यवतेश्वर, आणि पाटणच्या पुढं कुंभार्ली.

जुन्या लोकांची एक सवय अजून टिकून आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनही बंद करतात. पेट्रोल वाचतं म्हणे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की संगणक इंधन बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो. आणि इंजिन बंद केलंत तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पॅडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. नियम साधा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी का बदलायचं, तेही घाटातच कळतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पसरणी उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापलं, की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ होऊन खाली जातं. ओल किलोमीटर मोजत नाही, त्यामुळं कमी चाललेल्या गाडीलाही दोन वर्षांचा नियम लागू आहे. बिलात 'ब्रेक ऑइल टॉप-अप' लिहिलेलं असेल तर ते बदलणं नव्हे.

घाटात जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि चाकं आपोआप निवू द्या. डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते, मग दर ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

चढाचा धोका वेगळा. मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्यात. तापमानाचा काटा चढायला लागला तर आधी एसी बंद, मग बाजूला, मग इंजिन बंद. पूर्ण निवेपर्यंत थांबायचं, घाई नाही.

६. टायर

चालकाच्या दाराच्या खांबावर दाबाचे आकडे लिहिलेलं स्टिकर असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. पाच माणसं आणि सामान घेऊन पंढरपूरला निघताना दुसरा आकडा पाळा. हवा थंड टायरमध्ये तपासायची, पन्नास किलोमीटर पळून आल्यावर नाही. पंपावरच्या पोराला "टाक बत्तीस" म्हणून मोकळं होऊ नका, आपल्या गाडीचा आकडा आपणच सांगायचा. स्टेपनी विसरू नका.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पण आपल्याकडं टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नवा टायर घेतानाही हे आकडे वाचा. पाच-सहा वर्षं झाली आणि कडेला बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही छान असो, बदला.

नायट्रोजनची हवा फुकट मिळत असेल तर घ्या. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

७. ऊस सुरू झाला की

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोन गोष्टी. एक, रात्री रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही. हेडलाइट स्वच्छ आणि नीट जुळवलेले हवेत, समोरची काच आतूनही पुसलेली हवी.

दुसरी, उंदीर. फड तुटला की उंदीर घराकडं सरकतात आणि उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना उबदार मिळतं. बॅटरीशेजारी पाचट, चिंध्या, शेंगांची टरफलं दिसली तर घर वसलंय समजा. वायर कुरतडल्या तर खर्च हजारांत जातो. कोल्हापूर रोडच्या कडेला किंवा शेताजवळ गाडी लावत असाल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, रात्री ते उघडं ठेवा आणि गाडीत खाण्याचं काही ठेवू नका. एअर फिल्टरचा डबाही उघडा, त्यांना तो फार आवडतो.

८. सर्व्हिस सेंटरला गाडी सोडताना

सकाळी लवकर जा. जॉब कार्डावर, म्हणजे काम नोंदवायच्या कागदावर, मीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, आधीचे ओरखडे लिहून घ्या आणि फोटो काढा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: 'ब्रेक बघणे' नको; 'उतारावर डाव्या पुढच्या चाकातून किरकिर' असं. आवाज येत असेल तर सल्लागाराला शेजारी बसवून चक्कर मारा. अंदाजपत्रक घ्या आणि त्यावर लिहा: यापेक्षा जास्त काम फोन केल्याशिवाय करू नये. बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा.

मग सापळे. तक्त्यात नसलेली कामं खालील नावांनी येतात: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, डीकार्बनायझिंग. यातलं काही एखाद्या वेळी लागूही शकतं, पण वीस हजार चाललेल्या, कुरबुर नसलेल्या गाडीला नाही. "मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे, दाखवा" एवढंच नम्रपणे विचारायचं. एका सेंटरमध्ये माझ्या बिलात न सांगितलेला फ्लश आला होता. जॉब कार्ड समोर ठेवल्यावर दोन मिनिटांत ती ओळ गेली, वादही झाला नाही. कागद होता म्हणून.

घरी नेण्याआधी तिथंच डिपस्टिक बघा. कधी ऑइल जास्त भरलेलं असतं, तेही वाईटच.

९. शोरूम की गल्लीतला मिस्त्री?

वॉरंटी आहे तोवर कंपनीचं अधिकृत सेंटर, कारण दावा करायची वेळ आली तर नोंद लागते. त्यानंतर चांगला मिस्त्री मिळाला तर सोडू नका. तो कसा ओळखायचा? ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडतो, मॅन्युअलमधला ग्रेड विचारतो आणि "याला अजून वर्षभर काही करू नका" असं कधीतरी म्हणतो.

१०. डिझेल आणि सीएनजी

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. गावातल्या गावात फिरून तो काजळीनं तुंबतो. त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका, उंब्रज-कराडच्या बाजूला महामार्गावर एकसारख्या वेगानं वीस-पंचवीस मिनिटं चालवा. वर्षाला पाच हजार चालवणाऱ्यानं डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची पट्टी मुदतीत नसेल तर पंपावर गॅस नाकारतात. एअर फिल्टर आणि प्लग तक्त्यापेक्षा थोडे लवकर बघा, आणि पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका.

११. कागदांच्या तारखा

नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, मग बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी दर्जा) आणि पुढच्या गाड्यांना दरवर्षी. नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. विम्यात 'इंजिन प्रोटेक्शन' आहे का, हे पावसाळ्याआधी बघा. पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जाऊन रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. ढकलून बाहेर काढा आणि टोइंग बोलवा.

आता ती वही. प्रत्येक कामाला एक ओळ: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे, पुढचं कधी. उदाहरणार्थ: '२० मे, ८,४००, ऑइल + फिल्टर, वायपर दोन्ही, ब्रेक ऑइल पुढच्या मे ला.' गाडी विकताना घेणारा आधी मीटर बघतो आणि मग विचारतो, "सर्व्हिसिंगचं काही लिहून ठेवलंय का?" तेव्हा ही वही आणि बिलांची फाइल त्याच्या हातात द्या, मग भाव बोलायला बसा.